बंदूक भरेपर्यंत

मे संपत आला की म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर मुंबईच्या गाड्यांभोवती पाऊल ठेवायला जागा उरत नाही. आमसुलांचे डबे, आगळाच्या बाटल्या, तांदळाच्या पिठाच्या पिशव्या, पोत्यात बांधलेला एखादा कापा फणस. चाकरमानी परत निघालेले असतात. घोणसे घाट ओलांडून गाड्या माणगावच्या रस्त्याला लागतात आणि मागे वाडीवाडीतून कुलपं पडत जातात. जांभ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं जुनं घर असो की आखातातल्या पैशाने उभा राहिलेला दोन मजली स्लॅबचा बंगला असो, कुलूप दोन्हींना सारखंच. कुणाचं घर गणपतीला आणि शिमग्याला उघडतं, कुणाचं ईदेला नि लग्नसराईला. मधले महिने अंगणात फक्त पाचोळा.

हे वेळापत्रक चोरालाही पाठ असतं. ‘बंद घराचा कडी-कोयंडा तोडून’ अशी सुरुवात असलेली बातमी रायगडच्या वाचकाला नवी नाही. सोनं बहुधा बँकेच्या लॉकरात किंवा अंगावर असतं. जातात ते तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळ, गॅसचा सिलिंडर, विहिरीवरचा पंप, कधी देव्हाऱ्यातले टाकसुद्धा. पंचनाम्यात या ऐवजाची किंमत काही हजारांत बसते. आजीच्या माहेरहून आलेल्या घंगाळाला पंचनाम्यात वेगळा रकाना नसतो, म्हणून राग किमतीच्या मानाने फार मोठा असतो. मग कुणाच्या तरी ओटीवर बैठक बसते. त्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं, की घरात बंदूक असती तर!

हा लेख त्या बंदुकीबद्दल आहे. बंदूक ठेवायला, चालवायला कायदा किती मोकळीक देतो, प्रत्यक्षात ती हातात आल्यावर काय होतं आणि या किनाऱ्याने हत्यारांचे काय काय खेळ पाहिलेत, याबद्दल.

बंदूक कोकणाला परकी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे, आणि कोकणातल्या बागायतदारांनी तिचा पिढ्यान्‌पिढ्या उपयोग केला आहे. हे परवाने माणसांसाठी नसतात. इथला रोजचा चोर म्हणजे वानर आणि रानडुक्कर. नाचणीच्या शेतात रात्रीतून शिरलेला डुकरांचा कळप सकाळी काय मागे ठेवतो, ते पाहिलेल्या माणसाला बंदुकीचं समर्थन शिकवावं लागत नाही.

पण ही बंदूक चालते कशी, ते नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे. दस्ता जमिनीवर टेकवायचा, नळीचं तोंड वर. मापाने काळी दारू ओतायची. वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा. लांब गजाने तो खालपर्यंत ठासायचा, फार जोरात नाही नि हलकाही नाही. मग छर्रे. पुन्हा बोळा, पुन्हा गज. बंदूक आडवी घ्यायची, घोडा मागे ओढायचा आणि खालच्या टोकावर बोटाच्या पेराएवढीही नसलेली टोपी बसवायची. आता एक बार तयार झाला. तो उडाला की सगळं पहिल्यापासून. सरावाच्या हातांना दिवसाउजेडी मिनिटभर लागतं. अंधारात, छाती धडधडत असताना किती लागेल ते ज्याचं त्याने ठरवावं. श्रावणात दारू सर्दावलेली असली तर घोडा पडतो, टोपी फुटते आणि पुढे काहीच होत नाही. डुकराला या सगळ्याची घाई नसते. चोराला असते.

ज्यांना पीक नव्हे, घर राखायचं आहे, त्यांच्यासाठी वेगळा परवाना आहे. त्यासाठी अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पोलिसांचा अहवाल, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आणि हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याची हमी, एवढं सगळं लागतं. माणसाच्या धंद्यामुळे किंवा परिस्थितीमुळे जिवाला किंवा मालमत्तेला खरोखरच धोका आहे का, हे अधिकारी पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांची पाच झाली. परवाना मिळवणं कठीण आहे आणि ते कठीण असावं या मताचा मी आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे गोविंदासारख्या नटाला जुहूच्या घरात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. त्या वेळी घरात चोर नव्हता.

शिवाय परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. ज्याचं नाव परवान्यावर, त्यानेच हत्यार हाताळायचं. आता म्हसळ्याचा हिशेब पाहा. २०११ च्या जनगणनेत या तालुक्यात पुरुषांपेक्षा बायकांची संख्या जास्त भरली. पुरुष मुंबईत, पनवेलला, कुवेतला, सौदीला. बंदूक ज्याच्या नावावर असेल तो घरी नसणार आणि जी घरी आहे तिने ती उचलली तर आधी तिलाच कायद्यापुढे उत्तर द्यावं लागणार. घराला कुलूप लावून निघायचं असेल तर बंदूक आत ठेवून जाता येत नाही; ती पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते, नाहीतर घंगाळासोबत तीही जाईल. आणि चोराच्या हाती घंगाळ लागणं निराळं, बंदूक लागणं निराळं.

कायदा मात्र ओटीवरच्या बैठकीला वाटतो तितका हात बांधणारा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत; जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती आणि आशयात फारसा फरक पडलेला नाही. स्वतःचं शरीर राखता येतं तशी मालमत्ताही राखता येते, आणि नुसती स्वतःची नव्हे, दुसऱ्या कुणाचीही. काही प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. हे प्रसंग कलम ४१ मध्ये मोजून दिले आहेत. जबरी चोरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी. राहत्या जागेला किंवा माल साठवण्याच्या जागेला आग लावणं. आणि अशी चोरी किंवा घुसखोरी, जिच्यात हक्क बजावला नाही तर मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती आहे.

म्हणजे भर दुपारी वाडीत शिरून सुपारीची शिपुटं उतरवणाऱ्याला अडवता येईल, धरता येईल, त्यासाठी गरजेपुरता मारही देता येईल. त्याच्यावर गोळी झाडता येणार नाही. तोच माणूस कोयता घेऊन अंगावर आला की चित्र बदललं. आणि तोच रात्री कौलं काढून माजघरात उतरला तर कायदा घरमालकाच्या बाजूने बराच पुढे येऊन उभा राहतो. ही उदारता जुनी आहे. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा दिला, तेव्हा इथले लोक अन्याय फार मुकाट सोसतात, त्यांना प्रतिकाराची हिंमत यावी, असा विचार त्या कलमांमागे मांडला होता. गंमत पुढची आहे. दंड संहिता १८६० ला झाली आणि १८७८ मध्ये लिटनच्या सरकारने शस्त्रबंदीचा कायदा आणून लोकांच्या हातातली हत्यारं काढून घेतली. हिंमत दिली, बंदूक नेली. (म्हसळा तेव्हा ब्रिटिश हद्दीत नव्हतंच. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा.)

त्या कायद्याचा राग राष्ट्रसभेने पुढे अनेक वर्षं धरला. १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्य चालणार कसं, हा त्यांचा सवाल होता. शस्त्र उचलणं हा नागरिकाचा हक्क नसून राज्याला गरज पडेल तेव्हाचं कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. इथून सावित्रीची खाडी ओलांडली की मंडणगड तालुका लागतो, त्यात आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. दुबळ्याच्या हाती हत्यार आलं तर काय, हा प्रश्न त्यांना कुणी समजावून सांगावा असा नव्हता. तरी त्यांनी नाही म्हटलं.

कायद्याने दिलेला हक्क मोठा आहे, पण त्याचं आयुष्य तोकडं आहे, आणि बैठकीत हेच कुणी बोलत नाही. कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. कलम ४३ त्या हक्काचा आरंभ आणि शेवट ठरवतं. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क चोर घरात असेपर्यंत. जबरी चोरीविरुद्धचा, तत्काळ मरणाची किंवा मारहाणीची भीती असेपर्यंत. चोर हंडा टाकून गडग्यावरून उडी मारून पळाला, मागे वळूनही पाहत नाही, अशा वेळी पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षणात मोडत नाही.

जयदेव विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा होता. शेताच्या ताब्यावरून मारामारी झाली, आरोपींना स्वसंरक्षणाचा हक्क होता हेही मान्य झालं. पण समोरचे लोक पळू लागल्यावर, दूरवर धावणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. निकाल लिहिला न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. जिवावर बेतलेल्या माणसाने किती बळ वापरलं हे सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असं त्यांनी मान्य केलं; आणि तरीही पळणाऱ्यावरच्या गोळीला माफी दिली नाही. मला या दोन गोष्टी एकाच निकालात असणं महत्त्वाचं वाटतं. पुढे २०१० मध्ये दर्शनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं दहा मुद्द्यांत बांधलं. त्यातही हल्ला झालेल्या माणसाने पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे एका बाजूला आणि हक्क सूड घेण्यासाठी नाही, हे दुसऱ्या बाजूला.

हे सिद्ध करण्याचा भार मात्र गोळी झाडणाऱ्यावर. मेलेला चोर होता, रात्र होती, तो घरात होता, हे त्याने दाखवायचं. संशयापलीकडे नव्हे, पटण्याजोगं दाखवलं तरी चालतं. पण तोवर बंदूक जप्त, परवाना निलंबित, नाव गुन्ह्यात आणि वर्षानुवर्षं माणगावच्या सत्र न्यायालयाच्या तारखा. हक्क होता पण मर्यादा ओलांडली असं ठरलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे तुरुंग आहेच.

दुसऱ्यांच्या देशांत हा काटा निराळा लावतात. टेक्सास राज्यात रात्रीची साधी चोरी थांबवण्यासाठीही काही अटींवर प्राणघातक बळ वापरता येतं. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथल्या पासाडिना शहरात एका वयस्कर गृहस्थाने शेजाऱ्याच्या बंद घरातून बाहेर पडणाऱ्या दोघांना दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या. फोनवर पोलिसांची माणसं त्याला घराबाहेर पडू नका म्हणून विनवत होती. दोघेही मेले. ग्रँड ज्युरीने खटलासुद्धा भरू दिला नाही. हेच इथे घडलं तर दिवसाची घरफोडी कलम ४१ मध्ये बसत नाही आणि चोर बाहेर पडलेला असतो. शेजारधर्माचं कौतुक होईल, पण ते कौतुक ऐकायला माणूस तुरुंगात असेल. माझं मत विचाराल तर मला आपलाच काटा बरा वाटतो. पिशवीभर ऐवज आणि माणसाचा जीव एका पारड्यात घालणारा कायदा ज्यांना हवा आहे, त्यांनी त्या पारड्यात चोरी करणाऱ्या आपल्याच गावच्या पोराला बसवून पाहावं.

बंद घराचं दुखणं अमेरिकेलाही होतं आणि त्यावरचा एक उपाय तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. आयोवा राज्यात ब्रायनी नावाच्या दांपत्याला वारशाने एक शेतावरचं घर मिळालं होतं. तिथे कुणी राहत नसे. दहा वर्षं खिडक्या फुटत होत्या, सामान जात होतं. पाट्या लावल्या, फळ्या ठोकल्या. शेवटी १९६७ मध्ये नवऱ्याने आतल्या खोलीतल्या लोखंडी खाटेला बंदूक बांधली आणि तिच्या चापाची तार दाराच्या मुठीला जोडली. नेम आधी पोटावर होता. बायको म्हणाली म्हणून पायांवर घेतला. काही दिवसांनी जुन्या बाटल्या आणि बरण्या गोळा करायला एक जण आत शिरला आणि त्याचा पाय गुडघ्याखाली फुटला. चोराने मालकावर दावा लावला आणि जिंकला. १९७१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तीस हजार डॉलरची भरपाई कायम केली. मालकाला जमीन विकावी लागली. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं, की मालक स्वतः तिथे असता तरी ज्याला गोळी घालू शकला नसता, त्याला यंत्राकडून गोळी घालवता येणार नाही.

आपल्याकडे बंदुकीऐवजी तार असते. रात्री शेताभोवती उघडी तार ओढून तिच्यात वीज सोडायची. डुकरासाठी म्हणून, चोरासाठी म्हणून. महाराष्ट्रात दर वर्षी अशा तारांनी माणसं मरतात. कुणी पाटाचं पाणी बघायला निघालेला, कुणी खेकडे धरायला, कुणी स्वतः तार लावणाऱ्याच्या घरातला. तारेला माणूस ओळखता येत नाही. आणि ती वीज बहुधा खांबावर आकडा टाकून घेतलेली असते, म्हणजे चोरीपासून शेत राखणारा आधी स्वतःच वीजचोर.

दुसरी गोष्ट उघड बोलायला कोकणी माणूस नाराज असतो, तरी बोलली पाहिजे. मालमत्तेवरून इथे जे हात उठतात ते चोरावर फारच थोडे. बांध, सामाईक विहीर, पाणंदीवरचा हक्क, आजोबांनी लावलेला आंबा कुणाच्या हिश्श्यात, सातबाऱ्यावर पंधरा नावं आणि त्यातली नऊ मुंबईत. चोर वर्षातून एखाद्या वेळी येतो. भाऊबंद रोज समोर असतो. घरात हत्यार आलं की ते कुणासाठी आणलं होतं हे लक्षात ठेवत नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत, जमिनीच्या वादातून एका आमदाराने गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. सहा दिवसांनी बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, तो मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरच्या पिस्तुलाने. ती हत्यारं कागदावर संरक्षणासाठीच होती.

तरीही बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांपाशी एक हुकमी उदाहरण आहे आणि ते म्हसळ्याच्या शेजारचंच आहे. बोर्ली पंचतनच्या पुढे समुद्रालगत दिवेआगर. १७ नोव्हेंबर १९९७, संकष्टी चतुर्थी. सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा निघाला, किलोहून अधिक वजनाचा. गावाचं नशीब पालटलं. पर्यटक आले, घरगुती खाणावळी उभ्या राहिल्या, उकडीच्या मोदकांना गिऱ्हाईक मिळालं. २०१२ च्या गुढीपाडव्याची रात्र उलटली आणि २४ मार्चच्या पहाटे दरोडेखोर देवळात शिरले. राखणीला दोन पहारेकरी होते. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. दोघांनाही मारून टाकलं आणि मुखवटा नेला. पोलिसांनी टोळी पकडली तेव्हा सोनं वितळवलेलं होतं. अलिबागच्या विशेष मोक्का न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्षा सुनावल्या, त्यात पाच जणांना जन्मठेप झाली. परत मिळालेल्या सोन्याचा नवा मुखवटा घडवून २३ नोव्हेंबर २०२१ ला, अंगारकीला, पुन्हा बसवला गेला.

त्या रात्री कायदा त्या दोघांच्या बाजूने जितका असू शकतो तितका होता. रात्र, घरफोडी, जबरी चोरी, जिवावरचा हल्ला. कलम त्या वेळी १०३ होतं, पण एकही अट कमी नव्हती. दरोडेखोराचा जीव गेला असता तरी त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांच्या हातात मात्र काही नव्हतं. हे उदाहरण मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. एवढंच म्हणेन की तिथे उणीव होती ती पगारी, प्रशिक्षित, हत्यारी पहाऱ्याची. कोट्यवधींचं सोनं गावाच्या देवळात ठेवायचं आणि दोन माणसांना त्याच्या आड उभं करायचं, ही चूक त्या माणसांची नव्हती. त्यातून घरोघरी बंदूक हवी असं निघत नाही.

आणि हत्यारांचं म्हणाल तर या किनाऱ्याने ती पोत्यांनी पाहिली आहेत. ९ जानेवारी १९९३ ला दिघीच्या धक्क्यावर एके-५६ रायफली, हातबॉम्ब, काडतुसं उतरली. दिघीहून आत येणाऱ्या रस्त्यावर गोंडघर फाटा आहे. तिथे पोलिसांनी ट्रक अडवले होते. ट्रकांत काय आहे ते न पाहता, की पाहूनही, सौदा ठरला. सगळी रोकड नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण घेतल्या आणि गाड्या सोडल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसं मेली. फाट्यावरच्या पोलिसांना पुढे टाडा न्यायालयाने दोषी धरलं. हत्यारबंद राखण तिथे होती, सरकारी होती, आणि ती विकत मिळाली.

त्याच जानेवारीच्या १६ तारखेला पाली हिलच्या एका बंगल्यात एके-५६ पोचली. संजय दत्तने दिलेलं कारण घरच्यांच्या जिवाच्या भीतीचं होतं. भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. दंगलीची मुंबई होती, त्याच्या वडिलांना धमक्या येत होत्या. पण त्याच्याकडे परवान्याची तीन हत्यारं आधीपासून होती. टाडाच्या आरोपातून तो सुटला, शस्त्र कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ ला पाच वर्षं दिली. भ्यालेल्या माणसाला किती बंदुका पुरतात, याचं उत्तर निदान तीन नाही.

बंदूक नको तर गावाने मिळून राखण करावी, असं म्हणणं सोपं आहे. ती पद्धत आपल्याकडे होतीच. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात घाटावरच्या गावराखणीची माहिती आहे. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. चोर सापडला नाही तर भरपाई ज्या शिवेत माग हरवला तिची. क्रूरपणाही त्यात होता आणि ज्यांच्यावर राखण लादली त्यांना जातीने खाली ठेवून ती लादली होती. तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण नुकसान एकट्या घराचं न मानता गावाच्या अंगावर घेतलं जाई, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. आज त्या जागी १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखालचा पोलीस पाटील आहे. २०२४ मध्ये त्याचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. १९५१ च्या पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाचीही तरतूद आहे. काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा नावाची सोय आहे. संकटातल्या माणसाने फोनवर बोललेलं एकाच वेळी गावातल्या सगळ्या फोनांवर ऐकू जातं.

मात्र रात्री पन्नास माणसं काठ्या घेऊन एकत्र आली की त्यांना चोर हवाच असतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत चोर फिरताहेत या अफवांनी जागत असलेल्या गडचिंचल्यात, दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक पोलिसांसमक्ष मारले गेले. त्या दोन्ही ठिकाणी बंदूक नव्हती. कलम ३७ जमावाला कुणी वाचून दाखवत नाही आणि जमावाला माणगावच्या तारखांची भीती नसते, कारण प्रत्येकाला वाटतं की आपण एकच काठी मारली.

म्हणून मला शेजाऱ्यात जास्त रस आहे. बंद घराची किल्ली ज्याच्या खिळ्याला असते, तो. महिन्यातून एकदा दार उघडून वारा देणारा, पागोळीची फुटलेली कौलं फोनवर कळवणारा, संध्याकाळी पडवीतला दिवा लावून सकाळी मालवणारा. अलीकडे दिव्याशेजारी कॅमेरा आला आहे. मालक कुवेतला असला तर त्याचं घड्याळ अडीच तास मागे. म्हसळ्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिकडे साडेअकरा. तो जागाच असतो. फोनच्या पडद्यावर त्याला आपल्याच मागच्या दारी कुणीतरी पहार लावताना दिसतं. तो शेजाऱ्याला फोन करतो. संहितेचं कलम ३५ शेजाऱ्याला मालकाइतकाच हक्क देतं. जायलाच हवं असं म्हणत नाही. त्याच्यापाशी बॅटरी आहे, दांडा आहे, ११२ हा नंबर आहे, आणि पोलिसांची गाडी पोचेपर्यंतचा वेळ आहे. तो आधी खिडकीतून मोठ्याने खाकरतो, अंगणातला दिवा लावतो, मग पलीकडच्या घराला हाक मारतो. पुढच्या दाराने निघायचं की नाही, हे त्यानंतर ठरतं.